घरपट्टीची पहिली मोजणी : नगरपरिषदेच्या कर विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

नेमणुकीच्या आदेशावर ‘महाराष्ट्र नगरपरिषद कर निर्धारण व प्रशासकीय सेवा, गट क’ असं भारदस्त नाव असतं. घरी पेढे वाटले जातात, नातेवाइकांना वाटतं पोरगा इन्कम टॅक्समध्ये लागला. २०२३ साली नगरपरिषद प्रशासन संचालनालयाने महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवेच्या १,७८२ जागांची जाहिरात काढली, त्यांतल्या ५७९ या एकट्या सेवेच्या होत्या. पदवी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे कुणी बी.ए. मराठी, कुणी बी.एस्सी. ॲग्री, कुणी इंजिनिअर. परीक्षेत अंकगणित विचारतात, राज्यघटना विचारतात. रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी हातात तीस मीटरचा फिता देतात आणि शिपायाबरोबर वॉर्ड चारमध्ये पाठवतात. फित्याचं दुसरं टोक कुणी आणि कुठे धरायचं, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

मी या कामात बरीच वर्षं काढली. नवीन मुलं-मुली येतात तेव्हा त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. मुद्दा एकच आहे. कराचं गणित संगणक करतो, दर वरून ठरून येतात, सही मुख्याधिकाऱ्यांची असते. घरात प्रत्यक्ष काय आहे हे मात्र फक्त तुम्ही पाहिलेलं असतं. जागेवर भरलेला तो एक कागद पक्का असेल तर पुढचं सगळं टिकतं. तो कच्चा असेल तर चार वर्षं लोक तुमच्या टेबलाशी येऊन भांडतात.

बाहेर पडण्याआधी ऑफिसात काय बघायचं

पहिले दोन-तीन दिवस फायली चाळा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा तुमचा कायदा. सगळा पाठ करायची गरज नाही, पण करांचं प्रकरण दोनदा वाचा. महानगरपालिकेत लागलेल्यांचा कायदा वेगळा, १९४९चा. त्यातले कराचे नियम अनुसूची ‘ड’मध्ये आहेत. जागेवरचं काम दोन्हीकडे जवळपास सारखंच.

मग साहेबांना किंवा जुन्या लिपिकाला तीन गोष्टी विचारा. पहिली, चालू आकारणी कुठल्या वर्षापासूनची आहे. आकारणी यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते, म्हणून तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. तुम्ही या चक्राच्या सुरुवातीला रुजू झालात की शेवटी, यावर तुमचं पहिलं वर्ष कसं जाणार ते ठरतं. दुसरी, दरपत्रक. शहराचे झोन केलेले असतात. प्रत्येक झोनमध्ये बांधकामाच्या प्रकारानुसार आणि वापरानुसार दर चौरस मीटरला दरमहा किती भाडं धरायचं, याचा तक्ता असतो. त्याची झेरॉक्स काढून स्वतःजवळ ठेवा. तिसरी गोष्ट नवीन माणूस हमखास विचारायची विसरतो : माप बाहेरून घ्यायचं की आतून? बांधीव क्षेत्र (भिंतींसकट) धरायचं की चटई क्षेत्र (भिंतींच्या आतलं)? एका गल्लीत तुम्ही बाहेरून मोजलं आणि शेजारच्या गल्लीत सहकाऱ्याने आतून, तर सारख्याच दोन घरांना वेगवेगळी पट्टी येते. मग ते दोघे शेजारी एकाच रिक्षातून ऑफिसला येतात.

तुमचं गाव काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत असेल, तर जुने नमुना ८ चे उतारे दप्तरात सापडतील. २०१४ नंतर बऱ्याच तालुक्याच्या गावांत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तिथे हे हमखास दिसतं. या जुन्या नोंदी फेकू नका. क्षेत्र तिथे बहुधा चौरस फुटांत असतं आणि कधीकधी अंदाजे, तरी घर कधीपासून आहे आणि कुणाच्या नावावर होतं, हे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

हल्ली पुष्कळ ठिकाणी ड्रोन आणि जीआयएस (संगणकीय नकाशा) सर्वेक्षण एजन्सीकडून करून घेतात. तुमच्या हाती छापील नकाशा येतो, त्यावर प्रत्येक छताला क्रमांक. वरून छप्पर दिसतं, छपराखाली गाळा आहे की गोठा ते दिसत नाही. म्हणून एजन्सीचे आकडे कच्चा माल समजा आणि पडताळणी स्वतः करा.

पिशवीत काय हवं

ओळखपत्र गळ्यात, बाहेरच्या बाजूला दिसेल असं. तीस मीटरचा फिता आणि खिशातला पाच मीटरचा. लेझर मीटर मिळाला तर उत्तम. पण भर उन्हात, अंगणात त्याचा लाल ठिपका दिसत नाही, म्हणून फिता हवाच. फॉर्म अडकवायला पॅड, दोन पेनं, चौकटीची वही. पाण्याची बाटली. पावसाळ्यात प्लॅस्टिकची फाईल, नाहीतर दुपारपर्यंत शाई आणि मापं एक होतात. जुन्या आकारणी यादीची त्या गल्लीपुरती प्रत बरोबर असली की अर्धं काम सोपं होतं.

वेळ विचार करून निवडा. सकाळी दहाच्या आत गेलात तर घरात आंघोळी-डबे चालू असतात. दुपारी दीड ते साडेतीन लोक पडलेले असतात. आठवडे बाजाराच्या दिवशी पेठेत मोजणीला जाऊ नका; दुकानदार तोंडही वर करणार नाही, आणि त्याचं चुकत नाही. साडेदहा ते एक आणि चार ते सहा या माझ्या वेळा.

दारात

कडी वाजवा, दोन पावलं मागे या, नाव आणि ऑफिस सांगा. समोरून पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “काय साहेब, पट्टी वाढवायला आलात का?”

यावर ‘नाही नाही’ म्हणू नका. खोटं ठरतं. “काकू, चार वर्षांनी सगळ्याच घरांची मोजणी होते, तशी आलोय. माप तुमच्यासमोर घेतो, कागदावर काय लिहिलं ते वाचून दाखवतो. पटलं नाही तर हरकत घेता येते, ती कशी घ्यायची तेही सांगतो,” एवढं सांगितलं की दहातली आठ दारं उघडतात. आत बायका एकट्या असतील तर शिपायाला किंवा गल्लीतल्या एखाद्या मावशींना बरोबर घ्या. देवघरात आणि स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. चप्पल बाहेर काढा. लोकांच्या हे लक्षात राहतं.

दोन दारं तरीही बंद राहतात. वाद घालू नका. बाहेरून जेवढं मोजता येतं तेवढं मोजा, ‘आत प्रवेश दिला नाही’ असा शेरा तारीख-वेळेसह लिहा, जमल्यास शेजाऱ्याची सही घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तिसऱ्यांदा नोटीस घेऊन जा. कुलूपबंद घरालाही हेच.

माप घेताना

आधी घराभोवती एक चक्कर मारा. मग वहीत चौकोन काढा : उत्तर वर, रस्ता कुठल्या बाजूला, चारी बाजूंना कोण. हा कच्चा नकाशा सुबक नसला तरी चालेल, पण प्रत्येक भिंतीवर आकडा हवा. लांबी गुणिले रुंदी एवढंच लिहून क्षेत्र काढणारे लोक पुढे सुनावणीत गप्प बसतात, कारण बारा मीटर म्हणजे कुठून कुठपर्यंत हे त्यांनाही आठवत नसतं.

फित्याचं शून्य भिंतीला टेकलंय का ते दर वेळी बघा. जुन्या फित्यांची कडी तुटलेली असते आणि कुणीतरी पहिले दहा सेंटिमीटर कापून टाकलेले असतात. फिता सैल सुटला, अंगणातल्या तुळशीवरून गेला, तर माप जास्त भरतं. प्रत्येक बाजू दोनदा मोजा.

आता फूट-इंचाचा घोळ. मोजमाप मीटरमध्येच करा असा आदेश असतो, पण गवंडी, मालक आणि जुने कागद फुटांत बोलतात. बारा फूट सहा इंच म्हणजे १२.६ फूट नव्हे, १२.५ फूट. बारा फूट अकरा इंच हे १२.११ लिहिलं तर ऐंशी टक्के फुटाचा तुकडा हवेत गेला, ते १२.९२ होतं. इंचांना बाराने भागायचं, मग दशांश लिहायचा. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट. हा आकडा फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दर चौरस मीटरचा आणि क्षेत्र चौरस फुटांचं, असा गुणाकार मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या माणसाला आलेलं बिल पाहून तो हसत हसतच ऑफिसला आला होता, एवढं ते अशक्य होतं.

मजला दर मजला वेगळा लिहा. तळमजल्याचं माप तेच वर ‘वरीलप्रमाणे’ म्हणून ढकलू नका. वरच्या मजल्यावर अर्धी गच्ची असते, किंवा उलट, बाल्कनी बाहेर काढून ती ग्रिलने बंद केलेली असते. जिना एकदाच धरला जातो ना ते तपासा. पोटमाळा असेल तर उंची मोजा आणि माणूस उभा राहू शकतो का ते लिहा. ओटा, पायऱ्या, उघडं अंगण यांचं काय करायचं ते तुमच्या ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे, पण नकाशात ते दाखवाच.

बांधकामाचा प्रकार बाहेरच्या रंगावरून ठरवू नका. पुढून चकाचक प्लास्टर आणि आत मातीच्या भिंती, वर पत्रा, अशी कितीतरी घरं पेठेत आहेत. कॉलम-बीम दिसतात का, छत स्लॅबचं की पत्र्याचं की कौलाचं, भिंत विटांची की दगड-मातीची, हे आतून बघून लिहायचं. एकाच घरात दोन प्रकार असतील तर दोन ओळी करा.

वापर : खरी भांडणं इथे होतात

क्षेत्रावरून फारसं कुणी भांडत नाही. भांडण वापरावरून होतं, कारण बिगरनिवासी दर निवासीच्या कितीतरी पट असतो. शटर दिसलं म्हणजे दुकान असं नाही. शटर लावलेल्या खोलीत दुचाकी आणि गव्हाची पोती असतात. उलट, साध्या दाराआड शिवणकामाची सहा मशिनं चालतात. म्हणून ‘दुकान’ एवढंच न लिहिता काय दिसलं ते लिहा : ‘शटर, आत काउंटर, फळ्या, किराणा माल, वीजमीटर व्यावसायिक’. वीजबिल कुठल्या प्रकारचं आहे हे फार उपयोगी पडतं. घरात चालणारी शिकवणी, दोन बायकांचा पापडाचा उद्योग, डॉक्टरांची घरातली तपासणीची खोली, यांना काय धरायचं हा निर्णय वरिष्ठांचा. तुम्ही वर्णन करा, शिक्का मारू नका.

मालक राहतो की भाडेकरू, हे विचारताना आवाज नेहमीचाच ठेवा. बहुतेक ठिकाणी भाड्याच्या जागेची आकारणी वेगळी पडते, त्यामुळे सगळे भाडेकरू ‘पाहुणे’ असतात. भाचा शिकायला आलाय, असं पाचव्या घरात ऐकलं की हसू येतं. वाद घालू नका; भाडेकरार आहे का विचारा, गॅस कनेक्शन कुणाच्या नावावर ते विचारा, आणि सांगितलं ते ‘मालकाच्या सांगण्यानुसार’ असं लिहून पुढे चला.

माझी एक चूक इथे सांगतो. पहिल्याच वर्षी एका वाड्याच्या पुढच्या खोलीत मला लाकडी काउंटर आणि फळ्या दिसल्या. मी ‘दुकान, १४ चौरस मीटर’ लिहिलं आणि निघालो. सुनावणीला सत्तरीच्या आजी आल्या. नवऱ्याचं दुकान तो गेल्यावर बंद झालं होतं, त्याला अकरा वर्षं झाली होती. काउंटरवर आता त्या लोणच्याच्या बरण्या ठेवत. मी फळ्यांवर माल आहे का ते बघितलंच नव्हतं. साहेबांनी माझा फॉर्म उलटून पाहिला, शेरा रिकामा होता. आजी मला काही बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, “बाळा, विचारायचं होतंस.” त्यानंतर फॉर्ममधला शेऱ्याचा रकाना मी कधी मोकळा सोडला नाही.

गणित एकदा हाताने करा

संगणक करत असला तरी पहिली वीस-पंचवीस घरं स्वतः सोडवा. खालचं उदाहरण बघा. यातले भाड्याचे दर आणि मालमत्ता कराची टक्केवारी गणितापुरती धरलेली आहे. तुमच्या गावची तुमच्या तक्त्यात आणि ठरावात मिळेल.

घर बाहेरून ९ बाय ६ मीटर, आरसीसी. तळमजला ५४ चौ.मी. त्यात रस्त्याकडे ३ बाय ४ चे दोन गाळे, म्हणजे २४ चौ.मी. बिगरनिवासी, उरलेले ३० निवासी. वर ५४ पैकी ३ बाय ६ ची उघडी गच्ची, म्हणजे १८ वजा, राहिले ३६ निवासी. मागे ३ बाय २.५ चं पत्र्याचं शेड, ७.५ चौ.मी., घरगुती वापराचं.

दरमहा दर धरू : आरसीसी निवासी १२ रुपये, आरसीसी बिगरनिवासी ३० रुपये, शेड ५ रुपये. निवासी ६६ चौ.मी. गुणिले १२ म्हणजे महिन्याला ७९२, वर्षाला ९,५०४. गाळे २४ गुणिले ३० म्हणजे ७२०, वर्षाला ८,६४०. शेड महिन्याला साडेसदतीस, वर्षाला ४५०. एकूण वार्षिक भाडं १८,५९४ रुपये. कायद्याप्रमाणे दुरुस्तीपोटी यातून १० टक्के वजा : १,८५९.४०. उरलं १६,७३४.६०. हे वार्षिक करयोग्य मूल्य. पट्टी यावर बसते. ही पट्टी नव्हे! निम्मे अर्जदार नोटिशीतला हा आकडा पाहूनच घाबरून येतात, त्यांना पहिल्या मिनिटात हे समजावून सांगा.

मालमत्ता कर २५ टक्के धरला तर ४,१८३.६५ रुपये. त्याशिवाय राज्य सरकारचा शिक्षण कर असतो. १९६२च्या कायद्याने तो निवासी भागावर २ ते ६ टक्के आणि बिगरनिवासी भागावर ४ ते १२ टक्के, करयोग्य मूल्याच्या टप्प्याप्रमाणे वाढत जातो. बिगरनिवासीला रोजगार हमी उपकर १ ते ३ टक्के. आपल्या घराचे दोन्ही भाग वरच्या टप्प्यात येतात. निवासी भागाचं करयोग्य मूल्य (शेडसह) ८,९५८.६०, त्यावर ६ टक्के म्हणजे ५३७.५२. गाळ्यांचं ७,७७६, त्यावर १२ टक्के ९३३.१२ आणि रोजगार हमीचे २३३.२८. बिलावर वृक्ष कर, अग्निशमन, स्वच्छता, पाणीपट्टी असेही रकाने असतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर तुम्ही फक्त गोळा करता, तो पैसा शासनाचा. ‘गावात रस्ता नाही आणि शिक्षण कर कशाला?’ याचं उत्तर देता यायला हवं.

कुणी जुना अभ्यासू नागरिक विचारेल : मुंबईत भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर कर आहे, आपल्याकडे भाड्यावर का? कायद्यात दोन्ही पद्धती आहेत. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्य घेतलं, त्यात रेडी रेकनरचा, म्हणजे जागांच्या सरकारी दरांच्या तक्त्याचा आधार असतो. आपल्या नगरपरिषदेने कुठली घेतली आहे ते ठरावात असतं.

नाव कुणाचं लिहायचं

जुनी यादी, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, खरेदीखत, वीजबिल, या सगळ्यांवर चार वेगळी नावं असतात. आजोबा गेले तरी पट्टी त्यांच्याच नावे येते, कारण कुणी अर्ज केलेला नसतो. मोजणीच्या वेळी नाव बदलून देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. नाव दाखल करण्यासाठी वेगळा अर्ज, दस्त, वारसांची संमती लागते. मोजणीच्या फॉर्मवर फक्त ‘सध्या भोगवटादार’ (जागा प्रत्यक्ष वापरणारा) म्हणून समोरच्याचं नाव घ्या. घर विकलं आणि नगरपरिषदेला कळवलंच नाही, तर कराची जबाबदारी जुन्या मालकावर चालू राहते, हे विकणाऱ्याला आवर्जून सांगा. आकारणी यादीतलं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. भावाभावांच्या वादात दोघेही तुमच्याकडून असेसमेंट (आकारणी) उतारा मागतील. उतारा द्या, मत देऊ नका.

नाव लावणं, थकबाकी नसल्याचा दाखला, उतारा या सेवा २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. मुदतीचा फलक ऑफिसात लावलेला असतो. अर्जाची पोच द्या, तारीख टाका.

यादी, नोटीस, सुनावणी

मोजणी संपली की कच्ची यादी तयार होते. ती तपासायला प्राधिकृत मूल्य निर्धारण अधिकाऱ्यांकडे जाते. हे नगररचना विभागाचे असतात. ते दर आणि मूल्य पाहतात, नमुना म्हणून काही घरंही बघतात. मग कलम ११९ अन्वये जाहीर नोटीस निघते, यादी लोकांना बघायला ठेवतात. ज्यांची आकारणी नवीन आहे किंवा वाढली आहे त्यांना स्वतंत्र नोटीस जाते. हरकतीला मुदत असते आणि हरकत लेखी लागते.

नोटीस बजावणं हे कंटाळवाणं काम, म्हणून ते नवीन माणसाच्या गळ्यात पडतं. मन लावून करा. सही, नाव, नातं, तारीख. घेतली नाही तर दारावर चिकटवा, दोन पंचांच्या सह्या, आणि मोबाईलवर फोटो. वाढ रद्द होते ती बहुतेकदा नोटीस नीट बजावली नाही म्हणून, दर चुकीचा होता म्हणून नव्हे.

सुनावणीच्या दिवशी अर्ज क्रमाने लावा, प्रत्येकाला त्याचा मोजणी फॉर्म आणि कच्चा नकाशा जोडा. आदल्या संध्याकाळी वाचून जा. लोक तीन प्रकारचे तक्रारदार असतात : माप चुकलं म्हणणारे, वापर चुकला म्हणणारे आणि ‘शेजाऱ्याला कमी का’ म्हणणारे. पहिल्या दोघांना पुन्हा मोजणीची तारीख द्या आणि खरंच जा. तिसऱ्याला शेजाऱ्याची नोंद तपासून दाखवा. शंभरात दोन-चार वेळा शेजाऱ्याचीच नोंद चुकलेली निघते, आणि मग दुरुस्ती शेजाऱ्याकडे होते. तुमची चूक असेल तर साहेबांसमोर तिथेच मान्य करा. निर्णय कागदावर कारणासह लिहिलेला हवा. ‘हरकत अमान्य’ एवढं पुरत नाही. तरीही पटलं नाही तर पुढे अपील आहे, आणि त्यासाठी आधी रक्कम भरावी लागते, हेही त्यांना सांगा.

चार वर्षांच्या मध्ये नवं घर उठलं किंवा मजला चढला, तर त्याची भर यादीत घालता येते. पुन्हा नोटीस, पुन्हा हरकत, तोच रस्ता. त्यासाठी बांधकाम विभागाकडून परवान्यांची आणि भोगवटा प्रमाणपत्रांची यादी दर महिन्याला मागून घ्या. ती आपणहून कधी येत नाही.

विनापरवाना बांधकाम दिसलं तर मोजा आणि तसं नोंदवा. कर लागला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं होत नाही, आणि पाडायचं की दुप्पट शास्ती (दंड) लावायची हे ठरवणं तुमचं काम नाही. ‘नोंद नको करू, मी परवानगी घेतोच आहे’ असं म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा की दिसलं ते लिहावंच लागतं.

माफीचे प्रश्न

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी आहे, मग आम्हाला का नाही? पुण्यात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे, मग आम्हाला? दर आठवड्याला येणारे हे प्रश्न. मुंबईची माफी १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या निवासी सदनिकांना आहे, पुण्याची सवलत पुण्याची आहे. ती आपोआप आपल्याकडे लागू होत नाही, एवढं शांतपणे सांगा. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना २०२०पासून राज्याची मालमत्ता कर माफीची योजना आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कागदांची यादी टेबलाच्या काचेखाली ठेवा. पूजास्थळ माफ असतं, पण देवळाने रस्त्याकडे काढलेले गाळे नाहीत. केंद्र सरकारच्या इमारतींना घटनेच्या कलम २८५ ने कर लागत नाही. पोस्टाच्या दारात फिता लावून आलेला एक उत्साही सहकारी मला आठवतो!

घर रिकामं आहे म्हणून सूट हवी असेल तर ते लेखी कळवावं लागतं. तोंडी सांगून तीन वर्षांनी मागायला आलेल्यांना ती मिळत नाही.

चहा, पाकीट आणि नगरसेवक

पाणी घ्या. चहा एखाद्या ठिकाणी घ्यावा लागतो, नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. फॉर्म भरून, वाचून दाखवून झाल्यावरच घ्या, आधी नको. पाकीट, पोत्यातले शेंगदाणे, ‘पोराच्या वाढदिवसाला’ काही, यांतलं काही नको. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक आता प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर आहे, आणि सापळ्यात सापडतात ते बहुतेक वेळा खालच्या पदावरचेच. नगरसेवकाचा फोन आला तर ऐकून घ्या, “हरकतीचा अर्ज द्यायला सांगा, मी स्वतः पुन्हा मोजून देतो” म्हणा. हे वाक्य मला फार उपयोगी पडलं, कारण ते खरंही असतं आणि कुणाला नकारही नसतो.

मार्च

नगरपरिषदेत आकारणी आणि वसुली वेगळी राहत नाही. जानेवारीपासून तुम्हीही वसुलीला. बिल बजावून १५ दिवसांत भरलं नाही तर मागणीची नोटीस, त्यानंतर जप्तीचं वॉरंट असा क्रम आहे. मध्ये उडी मारू नका. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. दहा हजारांची पट्टी पाच वर्षं राहिली की कितीची होते ते कागदावर मांडून दाखवा, धमकी द्यावी लागत नाही. १५व्या वित्त आयोगाने मालमत्ता कराच्या वाढीची अट अनुदानाला जोडली, तेव्हापासून मार्चमध्ये मुख्याधिकाऱ्यांचा फोन रोज येतो. वसुलीची टक्केवारी भरायला सोपी थकबाकी आधी गोळा होते, मोठी तशीच राहते. तुमच्या वॉर्डातले पहिले वीस थकबाकीदार कोण, ही यादी डिसेंबरमध्येच काढून ठेवा.

वसुलीला गेलात की वही बरोबर असू द्या. पैसे घ्यायला दारात उभे असताना नवीन जिना दिसतो, मागे नवा स्लॅब टाकलेला दिसतो, शटर बसलेलं दिसतं. पावती देऊन झाली की वहीत घर क्रमांक, तारीख आणि एक ओळ : ‘मागील बाजूस नवीन स्लॅब, मोजणी बाकी’. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या ओळी घेऊन फिता बाहेर काढायचा. मात्र आधी त्याची कडी शाबूत आहे का ते बघा.